बोल्ड: ध्रुवीय माशाचं नाव विचारायला चांगलं, गाव विचारायला नाही

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या कोंग्सफ्योर्ड या चिंचोळ्या खाडीतलं कॉडचं सातेक सेंटिमीटरचं पिल्लू टेबलावर आहे. ते ध्रुवीय कॉडचं, म्हणजे बोरिओगॅडस सायडाचं, की दक्षिणेकडून वर सरकत आलेल्या अटलांटिक कॉडचं, गॅडस मॉर्हुआचं? मोठा मासा असता तर बघताक्षणी कळलं असतं. ध्रुवीय कॉडचा खालचा जबडा पुढे आलेला, हनुवटीवरची मिशी नावापुरती आणि शेपटी खोल दुभंगलेली. अटलांटिक कॉडचा वरचा जबडा पुढे आणि मिशी ठसठशीत. पण पिल्लात, किंवा पक्ष्याच्या पोटातून निघालेल्या अर्धवट पचलेल्या तुकड्यात यातलं काही धड दिसत नाही. या फ्योर्डच्या काठी न्यू-ओलेसुंडला २००८ पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेतून चालतो. तेव्हा असला नमुना मराठी हातात पडणं अगदीच दूरची गोष्ट नाही. अशा वेळी बहुतेक जण उघडतात ते बोल्ड.

बोल्ड म्हणजे बारकोड ऑफ लाइफ डेटा सिस्टीम. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातून चालणारी ही सेवा फुकट आहे. २००३ मध्ये पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी कल्पना मांडली की मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा एक ठरावीक तुकडा प्राण्याच्या जातीचा बारकोड म्हणून वापरता येईल. माशांसाठी तो तुकडा साधारण ६५५ अक्षरांचा धरतात. तुम्ही सिक्वेन्स, म्हणजे त्या तुकड्यातल्या डीएनएच्या अक्षरांचा क्रम, टाकता, बोल्ड आपल्या साठ्याशी ताडून नाव सुचवतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो: ध्रुवीय माशांसाठी नाव लावायला याच्याइतकी चांगली दुसरी जागा नाही, मात्र पहिल्या ओळीत आलेलं नाव तसंच उचलणाऱ्यासाठी याच्याइतकी फसवी जागाही नाही. आणि वितरणाच्या नकाशासाठी याच्यावर विसंबूच नये.

सेवेला नावं ठेवण्याआधी आपल्या हातातला माल तपासावा. मुळात टिश्यूच खराब असेल तर बोल्ड काय करणार? मासा फॉर्मॅलिनमध्ये जाण्याआधी उजव्या बाजूचा स्नायूचा तुकडा किंवा पराचा शेंडा कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकायचा. एक भाग टिश्यूला निदान दहा भाग इथेनॉल, आणि एक दिवसाने इथेनॉल बदलायचं, कारण मांसातलं पाणी सुटून ते पातळ होतं. बदलायचं राहून गेलेल्या बाटल्यांमधला डीएनए काही महिन्यांनी तुकडे तुकडे होऊन निघू शकतो. डावी बाजू फोटोसाठी शाबूत ठेवायची. स्पिरिट वापरू नये, त्यातल्या मिसळींचा भरवसा नसतो. डीएनए काढण्याच्या नेहमीच्या कॉलम किटमध्ये २५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मांस कोंबलं की कॉलम तुंबतो आणि डीएनए जास्त येण्याऐवजी कमी येतो.

इथे दक्षिण ध्रुवाची एक खास मेख आहे. माशांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, म्हणून एरवी पाच-दहा मायक्रोलिटर रक्तातून भरपूर डीएनए मिळतो. पण अंटार्क्टिकच्या आइसफिशांच्या, म्हणजे चॅनिक्थिडी कुळाच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं आणि तांबड्या पेशीही जवळपास नसतात. रक्त पाण्यासारखं पांढुरकं. बाकी सगळ्या माशांचं रक्त घेतलं म्हणून यांचंही घेतलं तर ट्यूब रिकामी निघते आणि दोष किटला दिला जातो. यांचा पर किंवा स्नायूच घ्यावा.

पीसीआरला, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या पायरीला, वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माशांसाठी बनवलेले फिश-एफ-१ आणि फिश-आर-१ हे प्रायमर, म्हणजे तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे, बहुतेक ध्रुवीय हाडांच्या माशांवर चालतात. ९५ अंशांवर २ मिनिटं, मग ९४ अंशांवर ३० सेकंद, ५४ अंशांवर ३० सेकंद, ७२ अंशांवर १ मिनिट अशी ३५ चक्रं आणि शेवटी ७२ वर १० मिनिटं. पट्टी फिकट आली तर आधी डीएनए दहापट पातळ करून बघावा. मांसातले अडथळे आणणारे पदार्थही त्याबरोबर पातळ होतात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. लगेच तापमान उतरवायला जाऊ नये, त्यातून भलतेच तुकडे वाढतात. सिक्वेन्सिंग दोन्ही बाजूंनी करावं. एका बाजूचे पैसे वाचवले की सुरुवातीची चाळीसेक अक्षरं हमखास गढूळ राहतात.

सिक्वेन्स आला की बोल्डवर टाकण्याआधी त्याचं प्रथिनाच्या भाषेत भाषांतर करून पाहायचं, आणि तेही पृष्ठवंशी मायटोकाँड्रियाच्या संकेतसारणीने, म्हणजे सारणी क्रमांक २. ही पायरी चुकते ती अशी: कुणीतरी नेहमीची सारणी १ लावतं, तिच्यात टीजीए म्हणजे थांबा, मग मधेच थांबे दिसतात, आणि सिक्वेन्स बाद केला जातो किंवा केंद्रकात घुसलेली खोटी प्रत म्हणून घोषित होतो. सारणी २ मध्ये टीजीए हे ट्रिप्टोफॅन असतं. उलट एजीए आणि एजीजी या सारणीत थांबे ठरतात. योग्य सारणी, योग्य चौकट लावूनही मध्ये थांबा आला, तरच खोट्या प्रतीचा संशय घ्यावा.

आता निकालाचं पान. टक्केवारीची मोठी यादी येते आणि डोळा सगळ्यात वरच्या ओळीवर जातो. तिथे न थांबता खाली उतरत जायचं आणि दुसरं नाव कुठे सुरू होतं ते शोधायचं. ६५५ अक्षरांत एक टक्का म्हणजे साडेसहा अक्षरं. पहिलं नाव ९९.२ टक्क्यांवर आणि दुसरं ९८.९ वर असेल, तर दोघांमधलं अंतर म्हणजे फक्त दोन अक्षरं. दोन अक्षरांवर जात ठरवणं म्हणजे क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे सिक्वेन्सिंग यंत्राच्या आलेखाच्या, एका डळमळीत शिखरावर पेपर लिहिणं. वरच्या पंचवीस-तीस नोंदी एकाच नावाच्या, ९९.५ च्या पुढे, आणि नंतर दोन-तीन टक्क्यांची मोकळी फट पडून दुसरं नाव, असं चित्र असेल तर ते नाव बिनघोर घ्यावं.

मग त्या वरच्या नोंदी एकेक करून उघडायच्या. चांगल्या नोंदीत नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवलाय, त्याचा क्रमांक, माशाचा फोटो, पकडल्याची जागा, खोली, कोणते प्रायमर वापरले, आणि त्या आलेखाची मूळ ट्रेस फाइल असतं. ही बोल्डची खरी श्रीमंती आहे, जेनबँकेत, म्हणजे डीएनए सिक्वेन्सच्या खुल्या जागतिक साठ्यात, बहुतेक वेळा एवढं मिळत नाही. पण पुष्कळ नोंदींत संस्थेच्या रकान्यात लिहिलेलं असतं की ही जेनबँकेतून खणून आणलेली आहे. तिला फोटो नाही, ट्रेस नाही, बाटली कुठे आहे पत्ता नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. यातला धोका असा की जेनबँकेत कुणी चुकीचं नाव लावलं असेल तर तेच बोल्डवरही दिसतं, आणि दोन्हीकडे शोधणाऱ्याला वाटतं की दोन स्वतंत्र पुरावे मिळाले. साक्षीदार एकच, वेष बदलून दोनदा आलेला. शिवाय शोधाच्या काही संचांत अजून खुल्या न केलेल्या नोंदीही ताडल्या जातात. त्यांचं नाव दिसतं, तपशील उघडत नाही. असल्या नोंदीवर निर्णय टाकू नये.

कॉडच्या बाबतीत नावांचा घोळ आणखी वेगळा आहे. प्रचलित इंग्रजी नावाने शोधणाऱ्यांनी इथे कान उघडे ठेवावेत. उत्तर अमेरिकेत ‘आर्क्टिक कॉड’ म्हणतात तो बोरिओगॅडस सायडा. युरोपात त्याच माशाला ‘पोलर कॉड’ म्हणतात, आणि तिकडे ‘आर्क्टिक कॉड’ म्हणजे आर्क्टोगॅडस ग्लेशियालिस, वेगळाच मासा. आणि मासेमारीच्या अहवालात ‘नॉर्थईस्ट आर्क्टिक कॉड’ लिहिलेलं असतं तेव्हा तो असतो बॅरेंट्स समुद्रातला साधा अटलांटिक कॉड. तीन मासे, अडीच नावं. शोध कायम लॅटिन नावानेच करावा, आणि ते नाव आजही चालू आहे का हे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या माशांच्या नामसूचीत बघून घ्यावं. बोल्डवरची नावं नमुना देणाऱ्याने ज्या काळी जी लावली ती लावली, सगळीच मागाहून सुधारली जातात असं नाही. अलास्का पोलॉक ‘थेराग्रा’ या नावाखाली आणि ‘गॅडस’खाली, दोन्हीकडे सापडू शकतो. अंटार्क्टिक सिल्व्हरफिशच्या नावाचा शेवट जुन्या लिखाणात ‘अंटार्क्टिकम’ आणि नव्यात ‘अंटार्क्टिका’. बर्फाखाली पोहणारा बोर्चग्रेव्हिंकी कुणी पॅगोथेनियात घालतं, कुणी ट्रेमाटोमसमध्ये. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर अर्ध्या नोंदी हातून निसटतात.

बोल्ड आणि एकूण सीओआय पद्धत जिथे शोभून दिसते अशा दोन-तीन जागा आहेत. रॉस समुद्रात टूथफिशच्या लाँगलाइनला, म्हणजे गळ लावलेल्या लांब दोरीला, उपटसुंभ म्हणून ग्रेनेडियर मासे लागतात, लांब शेपटीचे, खोल पाण्यातले. ते सगळे मॅक्रोरस व्हिटसोनाय म्हणून नोंदले जात. बारकोड लावल्यावर त्यांचे सरळ दोन गट पडले. मग बाहेरचा फरकही शोधून २०१२ मध्ये नवी जात मांडली गेली, मॅक्रोरस कॅम्ल. हे नाव अंटार्क्टिक सागरी जीवांच्या गणनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवलेलं आहे. याचा अर्थ २०१२ आधीच्या व्हिटसोनायच्या नोंदींमध्ये दोन जातींची खिचडी आहे. जुन्या पकडीचे आकडे किंवा वयवाढीचे तक्ते वापरणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

उत्तरेत उलटंही घडलं. १९५६ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाकडून थेराग्रा फिनमार्किका नावाची दुर्मीळ जात मांडली गेली होती. मायटोकाँड्रियाचा डीएनए वाचल्यावर ती पॅसिफिकच्या अलास्का पोलॉकहून वेगळी काढता येईना, आणि आज ती वेगळी जात धरत नाहीत. ग्रीनलंड कॉड, गॅडस ओगॅक, हाही अशाच पुराव्यावर पॅसिफिक कॉडमध्ये सामावला गेला. म्हणजे एकाच मोजपट्टीने कुठे एकाचे दोन झाले, कुठे दोनांचा एक. आर्क्टिकच्या स्कल्पिन, ईलपाउट, स्नेलफिश या किचकट गटांतही बारकोडने बराच गाळ बसवला. लायकोडीस या ईलपाउटांच्या जीनसमधली, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातली, पिल्लं ज्यांनी भिंगाखाली ओळखायचा प्रयत्न केलाय त्यांना याची किंमत कळेल.

पण अंटार्क्टिकच्या नोटोथेनिऑइड माशांकडे वळलं की मोजपट्टी आखूड पडते. वॉर्ड यांच्या ऑस्ट्रेलियातल्या माशांत एका जातीच्या आतला सीओआय फरक सरासरी ०.३९ टक्के होता आणि एकाच जीनसमधल्या दोन जातींतला ९.९३ टक्के. पंचवीसपट दरी. त्या दरीत कुठेही रेघ मारा, चालतं. बोल्डचे बिन, म्हणजे सिक्वेन्सचे आपोआप पाडलेले गट, २.२ टक्क्यांपासून सुरुवात करतात ते याच भरवशावर. ६५५ अक्षरांत हे साधारण चौदा अक्षरं झाली. अंटार्क्टिकच्या थंड पाण्यात या माशांचा वंशवृक्ष अलीकडच्या काळात झपाट्याने फांद्या फुटून पसरलाय, त्यामुळे खऱ्याखुऱ्या वेगळ्या जातींतही चौदा अक्षरांचा फरक साचायला वेळच मिळालेला नाही. ट्रेमाटोमस लोएनबर्गी आणि ट्रेमाटोमस लेपिडोऱ्हायनस या दोघांना सीओआय वेगळं काढत नाही. बोल्ड दोन्ही नावं एकाच बिनमध्ये दाखवतं आणि नवखा माणूस समजतो की कुणीतरी ओळखायला चुकलंय. तसं नसतं. बिन जुळला नाही म्हणून नमुन्याचं नाव बदलू नये, इथे खवले, परांचे काटे, पार्श्वरेषा मोजूनच निर्णय करावा लागतो.

पोगोनोफ्राइनीचा किस्सा तर पूर्ण उलटा. हनुवटीखालच्या मांसल दोरीचा आकार, तिच्या टोकाचा झुबका, अंगावरचे ठिपके, एवढ्यावर या प्लंडरफिशांच्या पंचवीसहून जास्त जाती मांडल्या गेल्या होत्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमभर हजारो ठिकाणं वाचणाऱ्या अभ्यासात त्यातल्या फक्त पाचच टिकल्या. म्हणजे ट्रेमाटोमसमध्ये सीओआय गप्प असूनही जाती खऱ्या, आणि इथे सीओआय गप्प होतं कारण जातीच खोट्या. एकच शांतता, दोन अर्थ, आणि नुसत्या बोल्डवरून कुठला अर्थ घ्यायचा ते कळत नाही. या जीनसचा नमुना असेल तर नाव जीनसपर्यंतच लिहून थांबणं शहाणपणाचं.

तिसरी अडचण कायोनोड्राको या आइसफिशांची. हमॅटस, मायर्सी आणि रॅस्ट्रोस्पायनोसस या तीन जातींत पूर्वी संकर झाल्याचे आणि आजही होत असल्याचे पुरावे आहेत. सीओआय फक्त आईकडून येतं. संकराचं पिल्लू बोल्डवर टाकलं तर आईचं नाव शंभर टक्के जुळून येतं आणि बापाचा मागमूस राहत नाही. टक्केवारी जितकी चोख, तितका माणूस निर्धास्त. संकराची शंका असेल तिथे केंद्रकातल्या खुणा, निदान काही मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे, वेगाने बदलणारे छोटे तुकडे), लावल्याशिवाय नाव छापू नये.

आता ‘जनुकीय विविधता’ हा शब्द. बिनच्या पानावर सदस्यसंख्या, आतलं सरासरी आणि कमाल अंतर, सगळ्यात जवळच्या बिनपर्यंतचं अंतर आणि हॅप्लोटाइपचं, म्हणजे सिक्वेन्सच्या वेगवेगळ्या रूपांचं, जाळं मिळतं. चित्र देखणं असतं, आणि प्रबंधात डकवायचा मोह होतो. डकवू नये. ती नोंद कुणी एका जहाजावरून एका आठवड्यात वीस मासे दिले, कुणी दहा वर्षांनी दोन दिले, अशी जमलेली असते. त्यातून काढलेली विविधता माशांची कमी आणि जहाजांच्या वेळापत्रकाची जास्त. शिवाय सीओआय हळू बदलणारा तुकडा आहे. अंटार्क्टिक सिल्व्हरफिशची अंडी बर्फाखालच्या पातळ चकत्यांच्या प्लेटलेट बर्फात सापडतात, पिल्लं प्रवाहाबरोबर वाहतात, आणि खंडाभोवती दूरदूरच्या नमुन्यांतही जनुकीय फरक थोडाच निघतो. एवढा थोडा फरक पकडायला दर ठिकाणचे निदान पंचवीस-तीस मासे आणि वेगाने बदलणारी खूण हवी: मायटोकाँड्रियाचा नियंत्रण विभाग, मायक्रोसॅटेलाइट किंवा जीनोमभर हजारो ठिकाणं वाचणारं रॅड-सिक्वेन्सिंग. ध्रुवीय कॉडमध्ये फ्योर्डच्या आतले आणि बाहेरच्या शेल्फवरचे मासे मायक्रोसॅटेलाइटने थोडे पण खरेखुरे वेगळे निघाले. सीओआयच्या जाळ्यात हा फरक शोधत बसलात तर महिना फुकट जाईल.

टूथफिशच्या व्यापारातही हीच गोष्ट. ताटात ‘चिलियन सी बास’ म्हणून येणारा मासा पॅटागोनियन टूथफिश, डिसोस्टिकस एलेजिनॉइडीस, आहे की दुसराच कुठला, हे बोल्डवर पाच मिनिटांत कळतं. पण तो दक्षिण जॉर्जिया बेटाजवळचाच आहे का, हा प्रश्न बोल्डच्या ताकदीबाहेरचा. २०११ मध्ये प्रमाणपत्राचा शिक्का असलेल्या दुकानी माशांची अशी तपासणी झाली तेव्हा काही तुकडे मुळात या जातीचेच नव्हते, आणि काहींचे हॅप्लोटाइप दक्षिण जॉर्जियाच्या साठ्यात न आढळणारे होते. त्यासाठी वापरला होता तो मायटोकाँड्रियाचा नियंत्रण विभाग.

गावाच्या, म्हणजे नकाशाच्या बाजूला मात्र बोल्डला आम्ही पाचपैकी फार तर दोन तारे देऊ. पहिली अडचण नकाशाच्या जातीची. जाळ्यावरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपाचे असतात आणि ते ८५.०५ अंशांवर कापलेले असतात. मॅकमर्डो साउंड ७७.८५ दक्षिणेला आहे, तिथे या नकाशावर लांबी जवळपास पावणेपाच पट आणि क्षेत्रफळ बावीस पटीहून जास्त फुगतं. रॉस समुद्रातले शेजारशेजारचे दोन ठिपके दोन प्रांतांतले वाटतात. आणि १८० रेखांशावर नकाशा चिरला जात असल्याने रॉस समुद्राचे आणि उत्तरेत चुक्ची समुद्राचे तुकडे होतात, काही डावीकडे, काही उजवीकडे. निर्देशांक उतरवून घ्या आणि नकाशे काढायच्या क्यूजीआयएस प्रणालीत दक्षिणेसाठी ईपीएसजी ३०३१, उत्तरेसाठी ३९९५ हे ध्रुवीय प्रक्षेपाचे संकेत लावून स्वतः नकाशा काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी अडचण उणे चिन्हाची. अक्षांशापुढचं उणे गळालं की मॅकमर्डोचा ट्रेमाटोमस ७७.८५ उत्तर, १६६.६७ पूर्वेला जाऊन बसतो. ती जागा पूर्व सैबेरियन समुद्राच्या बाजूचं खुलं पाणी आहे. म्हणजे ‘ठिपका जमिनीवर पडलाय का’ ही नेहमीची चाळणी त्याला बिनबोभाट पार होऊ देते. नोटोथेनिऑइड उत्तर गोलार्धात दिसला की आधी चिन्ह तपासायचं. आधी तपासायचं म्हटलं, लगेच पुसायचं नाही, कारण ग्रीनलंडच्या पश्चिमेला खरोखरच एक पॅटागोनियन टूथफिश पकडला गेलाय आणि २००३ मध्ये तो रीतसर प्रसिद्धही झालाय. बहुधा खोल, थंड पाण्यातून विषुववृत्त ओलांडून तो तिथवर गेला असावा. आपोआप चालणाऱ्या चाळणीने तोही कचऱ्यात गेला असता.

तिसरी, देशाचा रकाना. अंटार्क्टिका हा देश नाही. दक्षिण जॉर्जिया, केर्गेलेन, हर्ड बेट यांच्या नोंदी वेगवेगळ्या सत्तांच्या नावाखाली जातात, आणि स्वालबार्ड कुठे स्वतंत्र, कुठे नॉर्वेत. देशावरून गाळणी लावली तर दक्षिण महासागराचा मोठा हिस्सा सुटतो. ६० दक्षिणेच्या खाली किंवा सीसीएएमएलआर या अंटार्क्टिक सागरी जीवसंवर्धन आयोगाच्या ४८, ५८, ८८ या क्षेत्रांच्या सीमांनुसार शोधावं. भारताचं भारती केंद्र ज्या प्रिझ उपसागराच्या बाजूला आहे तो ५८.४.२ मध्ये येतो.

वितरणासाठी ओबिस आणि जीबिफ हे जीवांच्या नोंदींचे साठे, ही बरी दुकानं. ओबिस फक्त समुद्राचं, युनेस्कोच्या छत्राखालचं. नावं प्रमाण सूचीशी जुळवून घेतं आणि खोली नसणे, ठिपका जमिनीवर असणे अशा खुणा प्रत्येक नोंदीला चिकटवून देतं. जीबिफचा साठा मोठा, नकाशाला ध्रुवीय प्रक्षेप निवडायची सोय आहे, पण एकच नमुना संग्रहालय, मोहीम आणि बारकोड अशा तीन वाटांनी तीनदा आलेला सापडतो. संग्रह क्रमांक, तारीख आणि निर्देशांक या तिन्हींवर जोड्या लावून दुबार नोंदी काढाव्यात. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: ठिपके दाट दिसतात ते जिथे संशोधन केंद्रं आणि जहाजांच्या वाटा आहेत तिथे, अंटार्क्टिक द्वीपकल्प, स्कोशिया समुद्र, रॉस समुद्र, बॅरेंट्स समुद्र. ठिपका नाही म्हणजे मासा नाही असा अर्थ काढू नये. फिशबेस हा माशांचा माहितीकोश खोली, आकार आणि समानार्थी नावांसाठी पटकन चाळायला ठीक.

बारकोडपलीकडे जायचं असेल तर जेनबँकेला पर्याय नाही, पण दोन सापळे माहीत असू द्या. रक्तात बर्फ धरू न देणाऱ्या गोठणरोधी ग्लायकोप्रथिनाचा क्रम घेऊन शोध लावला की अंटार्क्टिकचे नोटोथेनिऑइड आणि आर्क्टिकचे कॉड एकाच यादीत येतात. थ्रिओनिन-ॲलानिन-ॲलानिन ही अमिनो आम्लांची माळ दोघांतही तीच. नातं मात्र नाही. दक्षिणेत ते जनुक ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातून घडलं, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं, आणि उत्तरेत कॉडमध्ये ते कुठलंही प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएतून उभं राहिलं, हे २०१९ मध्ये. यावरून वंशवृक्ष काढणं म्हणजे वटवाघूळ आणि घार पंखांवरून भाऊ ठरवणं. आखूड रीड्सच्या, म्हणजे यंत्राने वाचलेल्या छोट्या तुकड्यांच्या, जीनोम जुळणीत ही माळ दुमडून छोटी झालेली असते, म्हणून प्रतींची संख्या मोजायची तर लांब रीड्सवर बांधलेला जीनोमच घ्यावा. दुसरा सापळा पूर्ण मायटोजीनोमचा, म्हणजे मायटोकाँड्रियातल्या सगळ्या डीएनएचा. अंटार्क्टिक नोटोथेनिऑइडमध्ये एनडी-६ हे जनुक नेहमीच्या जागी नसतं. आधी ते हरवलं असं छापून आलं, मग २०१० मध्ये ते दुसरीकडे सरकलेलं सापडलं. जुन्या नोंदींवरच्या खुणा पाहून ‘जनुक गायब’ असा तक्ता करू नये. सीओआयला याने धक्का लागत नाही.

पाण्यातला डीएनए वाचणाऱ्यांनी, म्हणजे ईडीएनएवाल्यांनी, बोल्डकडे यायचं कामच नाही. त्यांचे मायफिश प्रायमर १२-एस जनुकाचा पावणेदोनशेच्या आतबाहेरचा तुकडा देतात आणि बोल्डचा भर सीओआयवर. आर्क्टिकमध्ये आणखी पंचाईत अशी की कॉड कुळात हा तुकडा नीट फोड करत नाही. ज्या फ्योर्डमध्ये सगळा प्रश्नच ध्रुवीय कॉड की अटलांटिक कॉड असा आहे, तिथे मायफिश एकटं वापरणं म्हणजे नेमका तोच प्रश्न अनुत्तरित ठेवणं. कॉडसाठी खास वेगळा तुकडा जोडीला लावावा.

तारेच द्यायचे तर: आर्क्टिकच्या माशांचं नाव, पाचपैकी साडेचार. अंटार्क्टिकच्या ग्रेनेडियर, टूथफिश आणि स्केटसाठी चार. ट्रेमाटोमस, पोगोनोफ्राइनी आणि कायोनोड्राकोसाठी दीड, आणि तो दीडही फोटो आणि संग्रह क्रमांक मिळतात म्हणून. निकाल वापरताना तारीख लिहून ठेवा, कारण बिन अधूनमधून पुन्हा मोजले जातात, कधी दोन जुळतात, कधी एक फुटतो. तक्त्यात प्रत्येक नमुन्यापुढे पाच गोष्टी हव्यात: शोधाची तारीख, कोणत्या संचात शोधलं, पहिल्या नावाची टक्केवारी, दुसऱ्या नावाची टक्केवारी, आणि वरच्या नोंदींपैकी किती जेनबँकेतून खणलेल्या होत्या.